बारदान वजा

टिण्ण.

वाटाण्याचा पहिला दाणा स्टीलच्या पातेल्यात पडला आणि आमच्या घरातली शांतता मोडली. डिसेंबरातल्या रविवारची दुपार होती. कित्तू फरशीवर फतकल मारून शेंगा सोलायला बसली होती आणि मी समोर मेथी निवडत होते. सकाळपासून आम्ही दोघींनी मिळून दहा-बारा शब्द उच्चारले असतील. दूध पी. चप्पल काढ. पुरे. त्यापलीकडे काही नाही.

कित्तू म्हणजे माझी मुलगी कृत्तिका, वय वर्षं आठ. ती मुकी नाही, मीही नाही, आणि आमचं भांडणही झालेलं नव्हतं. आम्ही तिला पडीक ठेवली होती.

टिण्ण, टिण्ण, टिण्ण. मग आवाज थांबला. मी मान वर न करता बघितलं. तिचे ओठ हलत होते. शेंगेतले दाणे ती पातेल्यात न टाकता फरशीवर मांडत होती आणि मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. परीक्षेला दोन महिने उरले होते.

पडीक हा शब्द आमच्या सांगलीकडच्या आयांनी शेतातून उचलून घरात आणला. रान जसं एखादं वर्ष न पेरता सोडतात, तसं मूल न शिकवता सोडायचं. का सोडायचं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

बारावीनंतर मी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती. माझे चार गुण कमी पडले. यादीत माझ्या वरची बहुतेक मुलं मोठ्या क्लासची होती. सतरा नंबरचा प्रश्न त्यांनी वर्गात चाळीस वेळा सोडवलेला होता. मी तो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, घाम फुटला, तरी सोडवला. पण उत्तरपत्रिकेवर दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात. चार गुणांनी माझं कॉलेज राहिलं, मी सहा महिन्यांचा कोर्स केला आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला लागले. वाईट काम नाही ते. पण सतरा नंबरचा प्रश्न मला अजून पाठ आहे.

म्हणून पट्टी आली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

पट्टीत जादू काही नाही. लॅबमध्ये आम्ही पेशंटच्या बोटाला चिमटा लावतो. त्यातला तांबडा उजेड बोटातून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. पट्टी म्हणजे तसेच चाळीस चिमटे एका रबरी पट्ट्यावर बसवलेले, कपाळापासून कानांच्या मागंपर्यंत. त्यांचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण कवटीतून तो आत झिरपतो आणि मेंदूच्या कुठल्या भागाकडं रक्त धावतंय ते क्षणाक्षणाला टिपतो. समोर नवं कोडं आलं की कपाळामागचा भाग धडपडतो, रक्त मागतो. तेच कोडं सवयीचं असलं की कपाळ निवांत राहतं आणि उत्तर मागच्या कोठीतून आयतं येतं. पहिल्या उत्तराला यंत्र म्हणतं सुचलेलं. दुसऱ्याला म्हणतं आठवलेलं.

मग हिशेब सरळ झाला. जे आठवलं त्याचे गुण शिकवणाऱ्याचे, जे सुचलं त्याचे मुलाचे. एकूण गुणांतून शिकवणाऱ्याचा वाटा काढून टाकायचा. उरतो तो निव्वळ गुणांक, आणि कॉलेजची शिष्यवृत्ती त्याच्यावर. सरकारी कागदावर याला ‘पूर्वशिक्षण वजावट’ म्हणतात. पण सांगली हळदीच्या बाजाराचं गाव. इथं पोतं भरून काट्यावर चढवतात आणि मग रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. पहिल्याच वर्षी इथल्या लोकांनी त्या वजावटीचं बारदान करून टाकलं. ‘तुमच्या मुलाचं बारदान किती निघालं हो?’ बसस्टॉपवर, किराणा दुकानात, सगळीकडं हेच.

पहिली दोन वर्षं खरोखर न्यायाची गेली. हमालांची, भंगारवाल्यांची मुलं यादीत आली. मी ती यादी फोनवर वाचताना रडले होते. मग अडचण लक्षात आली. अठरा वर्षांच्या मुलावर शिकवण्याचे इतके थर चढलेले असतात की ते खरवडून काढताना मूलच हाती लागेना. म्हणून परीक्षा चौदाव्या वर्षावर आणली. मग दहाव्या. कित्तूची पाळी येईपर्यंत ती आठव्यावर आली होती. कॉलेजात जाणार की नाही, हे आता तिसरीतच ठरत होतं.

जुलैमध्ये शाळेनं सराव चाचणी घेतली. दोन दिवसांनी कदम मॅडमनी मला बोलावलं.

“कृत्तिकाचे ढोबळ गुण बघा,” त्या म्हणाल्या. “त्र्याण्णव. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त.”

मी हसले.

“थांबा, हसू नका. निव्वळ सदतीस.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. कित्तूच्या डोक्याची आकृती होती आणि जिकडंतिकडं राखाडी ठिपके. “कुठल्या क्लासला घालताय?”

“कुठल्याच नाही मॅडम, शपथ.”

“मग हे बघा. प्रश्न असा होता, चौदा किलो डाळीतली पाऊण डाळ संपली, तर किती संपली? बाकीची मुलं मिनिटभर झगडलीत, निम्मी चुकलीत. हिनं अर्ध्या सेकंदात साडेदहा लिहिलं. कपाळावर एक ठिपका पेटला नाही. ही मुलगी विचारच करत नाही, म्हणतंय यंत्र.”

माझ्या लक्षात आलं. “पाऊणकी,” मी म्हणाले.

“काय?”

“पाढे आहेत जुने. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. माझ्या वडिलांनी शिकवलेत तिला. चौदा पाऊण साडेदहा.”

कदम मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्या आधी खुदकन हसल्या. “अहो, माझी पणजी म्हणायची ते!” मग त्यांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात म्हणाल्या, “आणि नुसते पाढे नाहीत. तिची भाषा, प्रश्नाची फोड करायची पद्धत, सगळ्यात कुणीतरी आधी बोललेलं दिसतंय. तुम्ही तिच्याशी फार बोलता का?”

मी काय सांगणार? वेणी घालताना कोडी घालायचे. भाजी आणताना शेंग का फुटते, काकडी कडू का निघते, सगळं सांगायचे. तिला विचारायची खोड होती आणि मला सांगायची. लॅबमधून येताना दिवसभरात काय काय पाहिलं ते मी तिच्यासाठी गोळा करून आणायचे, दुसऱ्या बाया खाऊ आणतात तसं.

“सात महिने आहेत,” मॅडम म्हणाल्या. “वापरली नाही तर वाट बुजते. आठवणीचंही तसंच असतं. पडीक ठेवा तिला. मी हे बोलायला नको, शिक्षिका आहे मी. पण ठेवा.”

घरी आल्यावर संग्रामला सांगितलं. संग्राम, माझा नवरा, कुपवाडच्या कारखान्यात फिटर आहे. ड्रॉइंग बघून मशीनचा दोष सांगतो, पण सही करायला साहेब लागतो, कारण कॉलेज नाही. तो बराच वेळ कित्तूच्या चपलेचा तुटलेला बंद शिवत बसला. मग म्हणाला, “आपल्याकडनं तिचं कॉलेज होणार नाही, मयू. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. ही एकच वाट आहे. सात महिने गप्प राहायचंय, एवढंच ना?”

एवढंच.

पहिलं काम अण्णांना सांगायचं होतं. माझे वडील मार्केट यार्डात चाळीस वर्षं तोलार होते. काट्यासमोर उभं राहून हळदीची पोती तोलली, तोंडानं आकडे सांगितले आणि एकदाही चुकले नाहीत. रोज चार वाजता शेंगदाण्याची पुडी घेऊन ते यायचे. कित्तू शाळेतून आली की दोघं जिना चढायचे, एका पायरीला एक. पहिल्या मजल्यापर्यंत पावकी, दुसऱ्यापर्यंत पाऊणकी, आमच्या दारापर्यंत दिडकी. बावीस दीड तेहतीस म्हणत दार वाजवायचे.

“अण्णा, आता कित्तूबरोबर पाढे म्हणायचे नाहीत.”

“का? चुकीचे सांगितले काय मी?”

“बरोबर सांगितले म्हणूनच.”

मी सगळं समजावलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी पुडीची गाठ सोडत म्हणाले, “चाळीस वर्षं बारदान वजा केलं मी. गोणपाटाचं वजन ठरलेलं असतंय, म्हणून ते वजा होतंय. पोरीच्या अंगातनं तिची आई वजा करायला कुठला काटा आणलाय ह्यांनी?”

“नुसती आई नाही अण्णा. आजोबापण.”

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी सोडलेली गाठ पुन्हा आवळली.

“मग येऊ नका म्हण की सरळ.”

“या ना. रोज या. फक्त बोलू नका.”

“आणि काय करू? भिंतीवरच्या पालीसारखं बसू?”

पण आले. तीन दिवस ते आले, जिना मुकाट्यानं चढले, सोफ्याच्या कडेला बसले, नातीला शेंगदाणे दिले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. चौथ्या दिवशी कित्तूनं विचारलं, “आजोबा, दाण्याची दोन फाकं का असतात? एकच का नाही?” अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “मयू, मी आरगला आक्काकडं जातो काही दिवस. इथं राहिलो तर माझं तोंड उघडंल.” गेले ते गेलेच.

मग घर रिकामं करणं सुरू झालं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं, कारण ती त्यावर वार मोजायची. गोष्टीची पुस्तकं माळ्यावर गेली. गणपती पेठेतला जो क्लास पूर्वी घोकंपट्टी करून घ्यायचा, त्यानंच आता पालकांसाठी न शिकवण्याचं मार्गदर्शन सुरू केलं होतं. तिथल्या सरांनी एक नियम सगळ्यांकडून म्हणवून घेतला. मुलानं काहीही विचारलं की उत्तर एकच: माहीत नाही. ‘नंतर सांगते’ म्हणायचं नाही. नंतरच्या आशेवर मूल प्रश्न जपून ठेवतं आणि जपलेला प्रश्न डोक्यात वाट पाडत राहतो.

पहिल्या आठवड्यात कित्तूला तो खेळ वाटला.

“आई, पाल भिंतीवरून पडत का नाही?”

“माहीत नाही.”

“खोटं! तुला माहीतय. माझं नाव काय?”

“माहीत नाही.”

ती खदाखदा हसली आणि घरभर पळत सुटली. “आईला माझं नावच माहीत नाही!” मीही हसले. आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

तिसऱ्या आठवड्यात ती चिडायला लागली. पाचव्यात तिनं मला चिमटा काढला, जोरात, दंडाला. ऑगस्टच्या शेवटी ती दिवसाला तीन-चार प्रश्नांवर आली. मी मोजत होते. लॅबमध्ये आम्ही असंच एखादा आकडा रोज उतरताना बघतो.

सराव चाचणीत निव्वळ चोपन्न आले. मागच्या वेळेपेक्षा सतरा जास्त. संग्रामनं श्रीखंड आणलं.

शेजारच्या शिंगटे वहिनींनी दारातच गाठलं. “काय गं, तुझी पडीक चांगली मानवली म्हणे! आमचा अद्वैत तर जन्मापासून पडीक. त्याचे बाबा कुणाशी बोलतच नाहीत, मलासुद्धा ‘हं’ करतात.”

“मग त्याचं बारदान काहीच नसेल?”

“शून्य!” वहिनी म्हणाल्या. “बारदान शून्य. पण पोत्यातसुद्धा काही नाही ना गं! निव्वळ एकोणतीस.” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता त्या पाण्याचा रंग बदलला, तसं त्यांनी दार लावून घेतलं.

सप्टेंबरात कित्तूला ताप आला. चार दिवस उतरेना. मी रजा काढली. तिसऱ्या दुपारी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मी पाण्याच्या पट्ट्या बदलत होते आणि ती डोळे न उघडता म्हणाली, “आई, मी गरम का झाले?”

मी माहीत नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दुसरंच बाहेर पडलं. “तुझ्या रक्तात ना, पांढऱ्या पेशी असतात. मी रोज बघते त्यांना, लॅबमध्ये, काचेखाली. गोल असतात, आणि पोटात जांभळे ठिपके.”

तिनं डोळे उघडले.

“बाहेरचं कुणी घुसलं की त्या धावून जातात. आणि शरीर मुद्दाम चूल पेटवतं, म्हणजे घुसणाऱ्याला टिकता येत नाही.”

“मुद्दाम? मग तू पाण्यानं का विझवतेस?”

“फार पेटली तर आपणच शिजू ना.”

ती हसली. कोरडे ओठ चरचरले असतील. मग विचारत सुटली. पेशी रात्री झोपतात का? मेल्या तर कुठं जातात? माझ्या रक्तात त्या किती आहेत? डासाच्या पोटात गेल्या तर त्या डासाला मारतात का? मी एकूण एक उत्तर दिलं. मला येत होतं तेवढं दिलं. दोन तास. त्या दोन तासांत मला जितकं सुख झालं तितकं ती जन्मली तेव्हाही झालं नव्हतं, कारण तेव्हा मी दमलेली होते.

पुढच्या चाचणीत रक्तावर एक कोडं होतं. निव्वळ एकोणपन्नास. शेरा होता, ‘अलीकडील घरगुती शिक्षण’.

“पाच गुण, मयू,” संग्राम म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. “एका दुपारचे पाच गुण.”

त्यानंतर मी चुकले नाही. ऑक्टोबरात एकसष्ट, नोव्हेंबरात बहात्तर. यादी साधारण ऐंशीला संपायची. आकडा चढत होता आणि कित्तू उतरत होती. शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, हात धुवायची, बसायची. गुणी मुलगी म्हणतात तशी. एका संध्याकाळी संग्रामनं तिला विचारलं, “आज डब्यात काय होतं गं?” ती म्हणाली, “माहीत नाही.” उद्धटपणानं नव्हे. आमच्या घरात प्रश्नाला असंच बोलतात, एवढंच तिला ठाऊक होतं. संग्राम जेवणावरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तर, ती वाटाण्यांची दुपार.

महिन्याभरात तिनं मला एकही गोष्ट विचारली नव्हती आणि आता तिचे ओठ हलत होते. फरशीवर तिनं एक दाणा ठेवला होता. त्याच्या कडेनं तीन दाणे, काटकोनात. त्यांच्या बाहेर पाच. मग सात. प्रत्येक थर घातला की ती मागं सरून बघायची. नऊ घातले आणि तिनं श्वास आत ओढला.

“आई!” किती दिवसांनी ऐकत होते मी तो आवाज. “आई, बघ ना. दर वेळेला दोन जास्त घालायचे. एक, मग तीन, मग पाच. की चौकोन होतो. बरोब्बर चौकोन! दर वेळेला होतो. मी आधी साडीच्या टिकल्यांनी करून बघितला, तेव्हापण झाला. का होतो?”

तिला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःला हे नववीत कळलं होतं, तेसुद्धा फळ्यावर. ही माझी पोर, पाच महिने पडीक ठेवलेली, बंद घरात वाटाण्यांतून ते उकरून काढत होती. तिचे गाल तापले होते. या क्षणाला तिच्या डोक्यावर पट्टी असती तर सगळी आकृती दिवाळीसारखी उजळली असती.

पण पट्टी आज नव्हती. पट्टी फेब्रुवारीत होती. आणि सरांनी हेही सांगितलं होतं. मुलाला स्वतःचं स्वतः सुचलं तरी ते एकदाच सुचतं. दुसऱ्यांदा ते आठवलेलंच असतं. मूल कुणाकडून शिकलं ते यंत्राला कळत नाही, शिकलंय एवढंच कळतं. दाण्यांचे नाही तर ठिपक्यांचे, असले चौकोन दरवर्षी परीक्षेत येत होते. आज तिनं याचं कारण शोधलं, उद्या पुन्हा मांडलं, परवा शाळेत मैत्रिणीला दाखवलं, तर फेब्रुवारीपर्यंत ही वाट चांगली रुळलेली असती. बारदानात गेली असती.

मी हात लांब केला आणि तळव्यानं तो चौकोन पुसला. दाणे गोळा केले, पातेल्यात टाकले.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“चुकलं माझं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

पातेलं उचलून मी आत गेले. उसळ केली. तिला आवडते तशी, ओलं खोबरं घालून. ती नीट जेवली. ताटात एकही दाणा टाकला नाही आणि एकही मांडला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षा झाली. मुलांना आत नेलं. आम्ही दीडशे-दोनशे आया शाळेच्या पटांगणात उभ्या होतो. एवढ्या बायका जमलेल्या, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सात-आठ महिन्यांत सगळ्यांची सवयच गेली होती. कुणाच्या तरी कडेवरचं तान्हं मूल ‘बा, बा’ करायला लागलं, तशी त्याच्या आईनं दचकून त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याची परीक्षा आठ वर्षांनी होती. किंवा तोवर ती आणखी अलीकडं आली असती.

चाळीस मिनिटांनी कित्तू बाहेर आली. कपाळावर पट्टीचा तांबडा वळ होता. मी त्याच्यावर बोट फिरवलं.

“कसं गेलं?”

“माहीत नाही.”

निकाल मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागला. ढोबळ ब्याण्णव, बारदान चार, निव्वळ अठ्ठ्याऐंशी. जिल्ह्यात तिसरी. कॉलेजची सगळी वर्षं, कुठलंही कॉलेज, वसतिगृहासकट. संग्राम कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन आला आणि तिला उचलून घरभर नाचला. ती त्याच्या खांद्याला धरून शांत राहिली, पडू नये म्हणून धरतात तशी. कदम मॅडमनी फोन केला. “फक्त चार! आदर्श म्हणून दाखवणार आहेत हो तुमची आकृती.” त्यांनी अभिनंदन केलं, मी आभार मानले. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, “आता बोला तिच्याशी. भरपूर बोला.”

मग अण्णांना लावला.

“आता बोलू काय?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“बोला अण्णा. मोकळे झालो आपण.”

फोन मी कित्तूच्या कानाला लावला. पलीकडून अण्णांचा आवाज येत होता, भरभरून. आक्काच्या शेळीला दोन करडं झाली होती. एक काळं, एक पांढरं. कित्तू “हं” म्हणाली. पुन्हा “हं”. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

“मयू,” अण्णा म्हणाले, “पोरगी बरी हाय न्हवं?”

“दमलीय,” मी म्हणाले.

त्या दिवशी चार वाजता मी तिला घेऊन गच्चीवर गेले. घरात नको वाटलं. घरातल्या प्रत्येक भिंतीपाशी मी तिला काहीतरी नाकारलेलं होतं. वर भरपूर ऊन होतं. पाण्याच्या टाकीला एका जागी पाझर होता आणि त्याच्या खाली हिरवं शेवाळ चंद्रकोरीसारखं वाढलं होतं. मुंग्यांची एक रांग कठड्यावरून चालली होती आणि मधेच, कुणास ठाऊक का, वळसा घेऊन जात होती. दूर विमानाची पांढरी रेघ अर्धी विरली होती. वर्षापूर्वी या गच्चीनं मला दोन तास पुरवले असते.

मी तिला समोर बसवलं. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“कित्तू, ते सगळं संपलं. मी तुला माहीत नाही म्हणायचे ना, ते खोटं होतं. मला माहीत असायचं. परीक्षेसाठी खोटं बोलले मी.”

ती ऐकत होती. नीट, सरळ बसून.

“आता तू मला काहीही विचार. काय वाट्टेल ते. मी सगळं सांगेन. येत नसेल ते शोधून सांगेन, लोकांना विचारून सांगेन. आज, उद्या, रोज. विचार.”

तिनं मान डोलावली. आईनं सांगितलं की ऐकायचं, हे तिला चांगलं येत होतं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टाकीकडं बघितलं, मुंग्यांकडं बघितलं, वर बघितलं. कपाळाला बारीक आठी पडली. ती मनापासून प्रयत्न करत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. घाई नाही बाळा, मी मनात म्हणत होते, कितीही वेळ घे.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडं तोंड वळवलं.

“आई,” ती म्हणाली, “काय विचारू?”